मैदानावरचा संताप, घरातले पडसाद

मागील अंक वाचकांच्या हाती पडल्यानंतर एका भगिनींचे पत्र आले. त्यांचा नातू नऊ वर्षांचा आहे. सोसायटीच्या आवारात खेळताना त्याला बाद दिले, तेव्हा त्याने बॅट भिंतीवर आपटली आणि पंच म्हणून उभ्या असलेल्या थोरल्या मुलाला शिवी हासडली. आजींनी त्याला दटावले, तर त्यांचे चिरंजीवच नातवाच्या बाजूने उभे राहिले. ‘‘आई, खेळात एवढी आक्रमकता लागतेच. टीव्हीवर रोज बघतेस ना?’’ असे त्यांचे म्हणणे. पत्राच्या शेवटी बाईंनी विचारले आहे : व्यावसायिक खेळाडूने ऐन सामन्यातही सभ्यपणे वागावे, ही अपेक्षा म्हणजे आमच्या पिढीचे जुनाट खूळ समजावे काय?

प्रश्न क्रीडामासिकाकडे जायचा तो वाट चुकून आपल्याकडे आला, असे वरवर वाटेल. परंतु ज्या घरात एखादे वृद्ध माणूस दिवसाचे चार-सहा तास दूरचित्रवाणीसमोर असते, ज्या घरात आजोबा आणि नातू यांना बांधणारा धागा म्हणजे संध्याकाळचा सामना असतो, आणि ज्या घरात आजारी माणसाची शुश्रूषा करता करता कुणाचा तरी तोल रोज थोडाथोडा जात असतो, त्या घरात राग आल्यावर कसे वागावे हा प्रश्न रक्तदाबाच्या गोळीइतकाच आरोग्याचा आहे. म्हणून या वेळचे पान त्या प्रश्नाला दिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सभ्यता म्हणजे मिळमिळीतपणा नव्हे. वेगवान गोलंदाजाने आखूड टप्प्याचा चेंडू छातीच्या उंचीवर टाकला तर तो असभ्य ठरत नाही. ते त्याचे काम आहे. मल्लाने प्रतिस्पर्ध्याला चीतपट केले तर कुणी त्याला दुष्ट म्हणत नाही. आपल्या आखाड्यांत कुस्ती लागण्यापूर्वी मल्ल मातीला हात लावतात, ती कपाळी लावतात, एकमेकांशी हात मिळवतात आणि मग जिवाच्या आकांताने भिडतात. दोन्ही गोष्टी एकाच मिनिटात घडतात आणि त्यांत विसंगती आहे असे गावच्या जत्रेतल्या प्रेक्षकाला कधीही वाटलेले नाही. अपेक्षा फार मोठी नाही. प्रतिस्पर्ध्याच्या आईबहिणीचा, वर्णाचा, जातीचा उद्धार करू नये, त्याच्या अंगाला नियमाबाहेर हात लावू नये, आणि पंचाला धाक दाखवू नये. हसतमुख असलेच पाहिजे असे कुणी म्हणत नाही. जिंकल्यावर ओरडू नये, असेही नाही.

तरीही २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत काय झाले, ते आपण पाहिले. उपांत्य फेरीच्या वादग्रस्त निकालानंतर एका नामवंत मल्लाने पंचाला लाथ मारली, अंतिम लढतीनंतरही वाद झाला, आणि राज्य कुस्ती संघटनेने दोघा मल्लांना तीन वर्षांसाठी निलंबित केले. निकाल बरोबर होता की चूक, यावर आजही दोन तट आहेत, आणि पंचांकडून चुका होतात हेही खरे. पण पंचाच्या अंगावर पाय गेला त्या क्षणी चर्चा निकालाची राहिलीच नाही. मल्लाची बाजू खरी असती, तरी ती त्या लाथेखाली दबून गेली.

चिरंजीवांचा युक्तिवाद मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. त्यामागे शरीरशास्त्र आहे. स्पर्धेच्या ऐन क्षणी अॅड्रिनलिन आणि त्याच्या जोडीची संप्रेरके रक्तात उसळतात, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायूंकडे रक्त धावते, आणि मेंदूतील विचार करणाऱ्या भागापेक्षा धोका ओळखणारा भाग आधी हालचाल करतो. रागाची ती पहिली उसळी कुणालाही टाळता येत नाही. साधूलाही नाही. ‘मग खेळाडूकडून तरी संयमाची अपेक्षा का?’ असे कुणी विचारले, तर त्याला मी मैदानाकडेच बोट दाखवीन. ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो. त्या अर्ध्या सेकंदात उत्तम फलंदाज चेंडू उजव्या यष्टीच्या बाहेर जात आहे हे ओळखतो, हातांना झालेला मोह आवरतो आणि बॅट आत घेऊन चेंडू सोडून देतो. हे त्याने दिवसातून पन्नास वेळा करावे म्हणून आपण त्याला थोर म्हणतो. ज्या मनुष्याने चेंडू सोडून देण्याचा अभ्यास इतका पक्का केला आहे, त्याला तोंडावर आलेला शब्द सोडून देता येत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. येत नसेल तर त्याचा त्याने सराव केलेला नाही, इतकेच.

सराव केला तर काय होते, याची उदाहरणे टेनिसमध्ये सापडतात. शांतपणाचा पुतळा म्हणून जग ज्याला ओळखते तो रॉजर फेडरर किशोरवयात रॅकेट फेकणारा, कोर्टावर रडणारा-ओरडणारा मुलगा होता. जन्मतः थंड डोक्याचा म्हणून तो मोठा झाला नाही. याउलट जॉन मॅकेन्रो. त्याच्या खेळातील कलेविषयी दुमत नाही. पण १९९० च्या ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत रेषापंच स्त्रीला धाक दाखवणे, रॅकेट मोडणे आणि शेवटी अधिकाऱ्यांना शिवी देणे अशा तीन पायऱ्या चढून त्याने स्वतःला बाद करून घेतले, आणि तेव्हा तो दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता. नियम बदलून चार पायऱ्यांच्या तीन झाल्या आहेत, हे आपल्या ध्यानात नव्हते, असे त्याने नंतर सांगितले. याचा सरळ अर्थ असा की, किती शिव्या परवडतात याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू होता. संतापाने आंधळा झालेला मनुष्य पायऱ्या मोजत नाही.

आता आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या आठवणीतल्या दोन कसोट्यांकडे वळतो. वर्षभराच्या अंतराने झालेल्या या दोन सामन्यांत आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत, म्हणून थोडे सविस्तर सांगायला हवे.

फेब्रुवारी १९८०. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुंबईत वानखेडे स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध एकच कसोटी खेळवली गेली. (याच सामन्यात १६ तारखेच्या सूर्यग्रहणामुळे विश्रांतीचा दिवस पहिल्या दिवसानंतर घ्यावा लागला होता, त्या दिवशी ओस पडलेले रस्ते अनेकांना आठवत असतील.) भारताने पहिल्या डावात २४२ धावा केल्या होत्या आणि इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८ अशी बिकट होती. यष्टिरक्षक बॉब टेलर याला कपिल देवच्या चेंडूवर यष्टीमागे झेलबाद देण्यात आले. टेलरच्या चेहऱ्यावर अविश्वास होता. स्लिपमध्ये उभा असलेला भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याला खात्री होती की चेंडूला बॅट लागलेलीच नाही. त्याने पंचांकडे जाऊन अपील मागे घेतले आणि टेलरला परत बोलावले. पुढे टेलर आणि इयान बोथम यांनी सहाव्या गड्यासाठी १७१ धावांची भागीदारी केली, बोथमने शतक झळकावून सामन्यात १३ बळी घेतले, आणि भारत दहा गड्यांनी हरला.

हरला, हे विसरता कामा नये. सभ्यतेचा गौरव करणारे लेख बहुधा असे सुचवतात की, चांगले वागणाऱ्याचे शेवटी भले होते. विश्वनाथचे त्या सामन्यात भले झाले नाही. त्या निर्णयाची किंमत संघाने मोजली आणि त्या वेळी काहींनी त्याबद्दल नाके मुरडलीही असतील. तरी आज पंचेचाळीस वर्षांनंतर त्या सामन्यातील भारताच्या बाजूची कोणती गोष्ट सांगितली जाते? दुसऱ्या डावातल्या धावा नव्हेत.

आणि फेब्रुवारी १९८१. मेलबर्न. सुनील गावसकर आणि चेतन चौहान यांची सलामीची भागीदारी १६५ पर्यंत गेली होती. डेनिस लिलीच्या चेंडूवर गावसकरांना ७० धावांवर पायचीत दिले गेले. चेंडू आधी बॅटला लागला होता, अशी त्यांची खात्री होती. परत जाता जाता ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंकडून काही बोलले गेले, आणि एरवी शिस्तीचा आदर्श समजला जाणारा हा मुंबईकर फलंदाज मागे वळला. चौहान यांनाही मैदानाबाहेर चलण्यास सांगून ते दोघे सीमारेषेकडे चालू लागले. चौहान यांनी सीमारेषा ओलांडली असती तर सामना सोडून दिल्याचे ठरण्याचा धोका होता. सीमेवर संघाचे व्यवस्थापक, विंग कमांडर दुराणी उभे होते. त्यांनी चौहान यांना तिथेच थांबवून परत पाठवले, आणि पुढचा फलंदाज आत गेला. शेवटच्या दिवशी दुखऱ्या मांडीनिशी कपिल देवने २८ धावांत ५ बळी घेतले, ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत आटोपला आणि भारताने ५९ धावांनी सामना जिंकून मालिका बरोबरीत सोडवली. गावसकरांनी पुढे या वर्तनाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. राग बाद दिल्याचा नव्हता, अपमानाचा होता, हेही त्यांनी सांगितले.

मला या प्रसंगात सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते दारात उभे असलेले व्यवस्थापक. त्यांनी गावसकरांना उपदेश केला नाही. तो क्षण उपदेशाचा नव्हताच. त्यांनी फक्त पुढचे नुकसान थांबवले. असे कुणीतरी दारात उभे असणे हीच पुष्कळदा सभ्यतेची खरी व्यवस्था असते. ज्याचा तोल गेला आहे त्याच्या एकट्याच्या मनोनिग्रहावर ती सोपवता येत नाही. २०२२ च्या सप्टेंबरात कोइमतूर येथे दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम विभागाचा कर्णधार अजिंक्य रहाणे याने हेच काम केले. तरुण यशस्वी जयस्वाल समोरच्या फलंदाजाला पुन्हा पुन्हा डिवचत होता. त्याच सामन्यात त्याने द्विशतक केले होते. पंचांनी हरकत घेतली, कर्णधाराने एकदा समजावले, आणि तरी थांबेना तेव्हा रहाणेने आपल्याच खेळाडूला मैदानाबाहेर पाठवले. काही षटकांनी तो परत आला. सामना पश्चिम विभागानेच जिंकला. ना शिव्या, ना व्याख्यान, ना वर्षभराचा अबोला. थोडा वेळ बाहेर, मग पुन्हा आत. घरात लहान मुले किंवा चिडचिडी झालेली मोठी माणसे सांभाळणाऱ्यांनी या प्रसंगाकडे जरूर पाहावे.

इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ‘सभ्यपणे वागा’ हे वाक्य नेहमीच निरागस असते असे नाही. २०१८ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला प्रथम ताकीद, मग रॅकेट मोडल्याबद्दल गुण, आणि शेवटी पंचाला ‘चोर’ म्हटल्याबद्दल एक संपूर्ण गेम गमवावा लागला. पुरुष खेळाडू याहून वाईट बोलतात आणि सुटतात, असे तिचे म्हणणे होते, आणि तिला पाठिंबा देणाऱ्यांत बिली जीन किंग यांच्यासारख्या जुन्या मानकरी होत्या. त्या दिवशीचे तिचे वागणे मला पटले नाही. समोर वीस वर्षांची नाओमी ओसाका आयुष्यातले पहिले मोठे विजेतेपद जिंकत होती आणि तिला ते डोळ्यांत पाणी आणून स्वीकारावे लागले. पण सेरेनाच्या प्रश्नाला त्यामुळे उत्तर मिळत नाही. सभ्यतेचा नियम एकाला लागू आणि दुसऱ्याला माफ असेल, तर तो नियम राहत नाही. दुबळ्याचे तोंड बंद करण्याचे साधन होतो.

हे आपल्या घरांतही घडते. जेवण वेळेवर मिळाले नाही, औषध संपून दोन दिवस झाले, अंथरूण ओले आहे, अशी तक्रार वृद्ध माणसाने चढ्या स्वरात केली की, ‘‘बाबा, चिडू नका, बीपी वाढेल,’’ असे म्हणून विषय मिटवला जातो. स्वर असभ्य ठरतो आणि अंथरूण ओलेच राहते. म्हणून राग आणि अपमान यांत फरक करायला हवा. राग म्हणजे काहीतरी बिघडले आहे याची वर्दी. ती ऐकली पाहिजे, मग ती मैदानावरची असो की खाटेवरची. अपमान म्हणजे त्या रागाचा दगड करून माणसाला मारणे. पहिल्याला वाव आणि दुसऱ्याला बंदी, एवढीच मर्यादा खेळाडूला घालावी, असे माझे मत आहे. स्वतःवर चिडून बॅट काखेत दाबत पुटपुटत जाणारा फलंदाज मला मुळीच खटकत नाही.

‘राग आतल्या आत दाबला की दुखणे होते, त्यापेक्षा ओकून टाकलेला बरा,’ असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे आणि मैदानावरील आरडाओरडीचे समर्थनही त्याच आधारे होते. प्रयोगांनी हा समज टिकलेला नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आधी चिडवले आणि मग काहींना, ज्याने चिडवले त्याचे स्मरण करीत, वाळूच्या पिशवीसारख्या पिशवीवर ठोसे मारायला लावले. ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला. नुसते शांत बसून राहिलेल्यांचा राग सर्वांत कमी होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासात निरोगी प्रौढांना आठ मिनिटे जुन्या संतापजनक आठवणी काढायला सांगितल्या, तेव्हा त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता त्यानंतर सुमारे चाळीस मिनिटांपर्यंत घटलेली आढळली. आठ मिनिटांचा राग, चाळीस मिनिटांची वसुली. तेही तरुण, धडधाकट माणसांत. साठीपुढील, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांत मुळातच लवचीकपणा कमी असतो, हे लक्षात घेतले तर हिशेब आपला आपल्याला करता येईल.

आणि हा राग खेळाडूपुरता राहत नाही. २००६ साली जर्मनीत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. त्या स्पर्धेचा शेवट झिनेदिन झिदानने इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीवर डोक्याने दिलेल्या धडकेने सगळ्यांच्या लक्षात राहिला. कारकिर्दीच्या अखेरच्या सामन्यात तो लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि फ्रान्स पेनल्टींवर हरला. वैद्यकशास्त्राला मात्र ती स्पर्धा दुसऱ्याच कारणाने आठवते. म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या घटनांची नोंद ठेवली होती. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी त्यांचे प्रमाण एरवीच्या २.६६ पट झाले. पुरुषांत तर ३.२६ पट. सामना सुरू झाल्यापासूनचे पहिले दोन तास सर्वांत धोक्याचे होते, आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना धोका अधिक होता. हे सर्व केवळ सामना पाहणारे लोक होते. खेळाडूंच्या वर्तनाने हे झाटके आले, असे म्हणण्याचा आधार नाही; उत्कंठा, जागरण, सिगारेट, मद्य, चुकलेली औषधे अशी अनेक कारणे त्यात असू शकतात. पण पडद्यावरचा ताण पडद्यावरच राहतो, असे मानता येत नाही, एवढे त्यावरून निश्चित कळते.

तेव्हा ज्या घरात हृदयरोगी आहे, तिथे मोठ्या सामन्याच्या दिवशी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. संध्याकाळची गोळी सामना सुरू होण्यापूर्वी द्यावी, ‘षटक संपल्यावर घेतो’ याला मान देऊ नये. खारे शेंगदाणे आणि वेफर्स यांऐवजी दुसरे काही समोर ठेवावे. दोन डावांच्या मध्ये उठून घरातल्या घरात चालावे. छातीत दडपण, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणवली, तर तो सामन्याचा ताण आहे असे गृहीत धरून शेवटच्या चेंडूची वाट पाहू नये. लगेच रुग्णालय गाठावे. आणि समालोचकांचा चढा आवाज कमी करून चित्र तेवढे पाहिले, तर सामन्याची गोडी कमी होत नाही. उलट पुष्कळ आजोबांना स्वतः समालोचन करण्याची संधी मिळते.

नातवांचे काय? अल्बर्ट बंडुरा यांचा १९६१ चा स्टॅनफर्डमधील प्रयोग प्रसिद्ध आहे. तीन ते सहा वर्षांच्या ७२ मुलांपैकी ज्यांनी मोठ्या माणसाला एका फुगीर बाहुलीला मारताना पाहिले, त्यांनी तेच हातवारे, तेच शब्द उचलले. मुले अनुकरण करतात, हे सांगायला प्रयोग कशाला, असे कोणतीही आजी म्हणेल. पण अनुकरण दोन्ही बाजूंनी होते आणि पडद्यावर दोन्ही प्रकार दिसतात. कधी एकाच माणसात दिसतात. २०१९ च्या विश्वचषकात ओव्हल मैदानावर प्रेक्षक स्टीव्ह स्मिथची हुर्यो उडवत होते, तेव्हा विराट कोहलीने हात करून त्यांना थांबवले आणि टाळ्या वाजवण्यास सांगितले; त्याला त्याबद्दल खिलाडूवृत्तीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच कोहलीने डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला एकोणीस वर्षांच्या सॅम कॉन्स्टासला खांदा मारला आणि मानधनाच्या वीस टक्के दंड भरला. नातवाला ‘कोहली वाईट आहे’ असे सांगण्यात अर्थ नाही, आणि ते त्याला पटणारही नाही. दोन्ही दृश्ये त्याच्यासोबत पाहावीत आणि त्याला विचारावे की, यांपैकी तुला कोणता कोहली आवडला. मुले या प्रश्नाला बहुधा प्रामाणिक उत्तर देतात. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर भाला फेकून सुवर्ण मिळवले आणि नीरज चोप्राच्या वाट्याला रौप्य आले, तेव्हा नीरजच्या आई सरोजदेवी यांनी सुवर्ण जिंकणारा मुलगाही आपलाच आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. हरयाणातील खंडरा गावच्या घरात बसून बोललेली ती माउली कोणत्याही खिलाडूवृत्तीच्या संहितेची विद्यार्थिनी नव्हती. नातवंडांना तीही गोष्ट सांगावी.

एका शब्दाकडे आपले लक्ष वेधायचे आहे : ‘व्यावसायिक’. खेळाडू व्यावसायिक आहे, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, म्हणून त्याला सवलत द्या, असे सांगितले जाते. इतर व्यवसायांत आपण नेमके उलटे मानतो. रात्री तीन वाजता अतिदक्षता विभागात एकाच वेळी तीन यंत्रांचे इशारे वाजत असताना परिचारिकेने रुग्णाच्या नातेवाइकाला शिवी दिली, तर ‘बिचारीवर ताण होता’ म्हणून आपण सोडून देऊ का? गर्दीच्या वेळी घाटातून एस.टी. उतरवणाऱ्या चालकाने प्रवाशाला धक्का मारला तर? तिथे जीव पणाला लागलेले असतात. क्रिकेटच्या मैदानावर, कितीही झाले तरी, सामना पणाला लागलेला असतो. ज्याला कामाचे पैसे मिळतात, त्याच्याकडून ताणातही वागणूक राखण्याची अपेक्षा धरणे हा त्याच्यावरचा अन्याय नसून त्याच्या व्यवसायाचा मान आहे. पैसे न घेता गल्लीत खेळणाऱ्याला एक वेळ सूट देता येईल.

या तुलनेत एक माणूस मात्र कुठेच बसत नाही, आणि या सदराचे निम्मे वाचक तीच माणसे आहेत. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे, स्मृतिभ्रंश झालेल्या आईचे, पक्षाघात झालेल्या पतीचे सर्व काही करणारी व्यक्ती. तिला मानधन नाही, बदली खेळाडू नाही, डावांमधली विश्रांती नाही. एकच प्रश्न दिवसातून चाळीस वेळा ऐकून एकेचाळिसाव्या वेळी तिचा आवाज चढतो आणि मग रात्रभर ती स्वतःला दोष देते. तिच्यापुढे मी विश्वनाथचा आदर्श ठेवणार नाही. पण खेळांनी गेल्या पन्नास वर्षांत एक गोष्ट शोधून काढली आहे आणि ती तिच्या उपयोगाची आहे. रागाला उपाय म्हणून खेळांनी उपदेशापेक्षा वेळ वापरला. हॉकीत हिरवे कार्ड मिळाले की दोन मिनिटे बाहेर बसायचे, कबड्डीत पिवळे कार्ड मिळाले की दोन मिनिटे, रग्बीत दहा. शिक्षा म्हणून योजलेली ही मिनिटे प्रत्यक्षात रक्तातील उसळी ओसरण्यास दिलेली सवड असते.

शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःलाच ते हिरवे कार्ड दाखवावे. रुग्ण सुरक्षित आहे, खाटेचा कठडा वर आहे, शेगडी बंद आहे, एवढे पाहून खोलीबाहेर जावे. गॅलरीत उभे राहावे, तोंडावर पाणी मारावे, काही न बोलता श्वास सावकाश सोडावा. त्या वेळी कुणाला दूरध्वनी करून झालेला प्रकार तिखटमीठ लावून सांगू नये. ते पिशवीवर ठोसे मारण्यासारखेच होते. आणि घरातील इतरांनी दुराणींसारखे दारात उभे राहण्याचे काम अंगावर घ्यावे. ‘‘तू जा, मी बसतो,’’ हे तीन-चार शब्द पुरतात. ‘‘एवढे काय चिडायचे’’ हे अजिबात बोलू नये. आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी ही पाळी ठरवून बदलावी, कुणी कोसळण्याची वाट पाहू नये. ज्या घरात दुसरे कुणीच नाही, किंवा जिथे प्रकरण चढ्या आवाजापलीकडे, हात उगारण्यापर्यंत गेले आहे, तिथे ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक वृद्धांनीही स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ लावून ठेवावा.